आनंदीबाईंच्या घरचं लसणाचं लोणचं

कांदेनवमीला रोह्याच्या आनंदीबाईंची लसणाच्या लोणच्याची बरणी अखेर रिकामी झाली. म्हणजे, झालीच नाही असं धरून चालू.

परवापासून चातुर्मास, आणि घरात लसूण दिसता कामा नये हा आनंदीबाईंचा नेम. म्हणून सून ऋजुताने शेवटची पाकळी बोटं चाटत संपवली आणि बरणी धुऊन उन्हात पालथी घातली.

दुपारी बरणी सुलटी होती. गळ्यापर्यंत भरलेली, वर फडकं बांधलेलं.

"आई, हात म्हणावा तर तुमचा! पण नेमाचं काय?"

"मी कुठे घातलंय गो? मी तर वर्षभर तुझंच म्हणून खातेय."

दोघी ओसरीवर होत्या. आत खलबत्त्यात कोणीतरी मोहरी कुटायला लागलं.

ऋजुताने स्वयंपाकघराच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: "चव अप्रतिम. तरी आपण कार्तिकीपर्यंत रजेवर जावे, ही नम्र विनंती."