जुळत नाही

“नको वाटत असेल तर आत्ताच सांगा,” समुपदेशक बाई म्हणाल्या. “बाहेर कुणाला कळणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगतो, किडनी जुळत नाही. बास.”

प्राध्यापकाने घसा खाकरला. किडनी उत्तम जुळत होती. बाईंनी आत्ताच, फक्त त्याला सांगितलं होतं. बाहेर बाकावर त्याची आई आणि थोरली बहीण वाट बघत होत्या. ताई दोन वर्षं डायलिसिसवर होती आणि आता तिचं शरीर साथ देईना झालं होतं.

गडी नीतिशास्त्र शिकवायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांना तिन्ही सिद्धांत असे सोपे करून सांगायचा, की मागच्या बाकावरचेही मान वर करत. आता त्याने आधी परिणामवाद काढला. आपली एक किडनी, ताईचा जीव. उत्तर उघड होतं, म्हणून ते त्याला आवडलं नाही. मग कर्तव्यवाद. माणूस म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू नव्हे! हे मात्र त्याला झक्क पटलं. इतकं, की आपण घाबरलोय हे तो घटकाभर विसरलाच. तिसरा सिद्धांत सद्गुणांचा. भला माणूस इथे कसा वागला असता? त्याला त्याने हातच लावला नाही.

“जुळत नाही असंच सांगा, मॅडम,” तो पुटपुटला.

बाईंनी मान डोलावली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. “तुम्ही व्हा पुढे. काही बोलू नका. मी येऊन सांगते.”

तो बाहेर आला. आई धडपडत उठली. “काय रे, काय म्हणाल्या?”

त्याने नजर चुकवली. ताईने त्याच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिलं. मग आईचा हात धरून तिला खाली बसवलं.

“अगं, त्याला काय विचारतेस? जुळत नाही. मला सकाळीच फोन आला होता हॉस्पिटलचा,” ती म्हणाली. “आणि घरी यावरून त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक?”

आईने पदर तोंडाला लावला.

कसला फोन? कुणीच केला नव्हता. पण डायलिसिसच्या वॉर्डात दोन वर्षं काढलेल्या माणसाला ‘जुळत नाही’ म्हणजे काय काय असू शकतं, हे शिकवावं लागत नाही. ताईने त्याच्याकडे बघून हलकेच मान हलवली. जा, सुटलास. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. भीती तर होतीच, तसूभरही कमी झाली नव्हती.

खोलीचं दार उघडलं. समुपदेशक बाई बाहेर आल्या.

“आई,” तो घाईने म्हणाला. “ताई खोटं बोलतेय. जुळतंय.”