वरचा सूर

लूमच्या खडखडाटातली कित्येक वर्षांची नोकरी सुटल्यापासून दामूबाबा घरीच लाकडी पावे बनवत. शिसवीचा तुकडा खरादावर गोल करायचा, आतून पोकळ करायचा, तोंडाशी शिट्टीसारखी फट पाडायची आणि मग एकेक भोक सुराला आणायचं. गणेशपुरीच्या दुकानात ते खपतही. हल्ली मात्र खालचे सूर लागत, पण सगळ्यात वरचा काही केल्या लागत नसे. असा पावा ते काही न बोलता सरपणात फेकत, आणि त्यांची सून मेघाली तो अंघोळीच्या बंबात घालत असे. आज दुपारी लाईट गेली, शेजारचे लूम थांबले. "आता बराबर कळंल," म्हणत त्यांनी नवा पावा ओठांना लावला. खालचे सूर घुमले. मग वरच्या सुरासाठी सगळी बोटं उचलून त्यांनी जोरात फुंकलं आणि पावा खाली ठेवला. "यो पन मुका हाय." पण झोळीतलं बाळ दचकून उठलं होतं आणि मेघालीचे हात कानांवर होते. बाळाचं रडणं त्यांना ऐकू येत होतं. ते तिच्याकडे बघतच राहिले. "वाजला काय गं?" "वाजला की, बाबा. केवढ्यानं." "आन् आधीचे?" "ते पन वाजायचे," ती चाचरत म्हणाली. "मला वाटायचं, त्यांच्यात दुसरी कायतरी खोट असंल." दामूबाबांनी बंबाकडे पाहिलं. त्यातली राख अजून काढायची होती. सकाळीच अंघोळ करून येताना ते तिला म्हणाले होते, "शिसवीवर पानी बेस तापतं."