तोंडात बसलेला शब्द

नाटकात नायिका होणारे नटवर्य त्र्यंबकराव सोलापूरला आले, की लुगडं नरसय्याच्याच मागावरचं घ्यायचे. ते नेसून एकदा रंगभूमीवर आले, की दुसऱ्या दिवशी बायका तसंच लुगडं मागत नरसय्याच्या दारात.

"काय रे यंडुगुंडू, झालं का माझं लुगडं?"

अशा गिऱ्हाइकाला टोकायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. तरी आज नरसय्यानं धीर केला. "राव, आमची बोली तेलुगू हाय. मला नरसय्या म्हना की."

"अरे, तुझा बाप तर हसायचा! आता शब्द तोंडात बसलाय, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात आतून नरसय्याच्या आईनं तेलुगूत विचारलं, "अक्का आली का रे?"

त्यातलं 'अक्का' तेवढं त्र्यंबकरावांना कळलं. त्यांनी मागं वळून पाहिलं. बाई कुणीच नव्हती. "कोण अक्का?"

"तुमीच की," नरसय्या मान खाली घालून म्हणाला. "सगळी पेठ म्हनती. आता शब्द तोंडात बसलाय, राव."

त्र्यंबकराव आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. नसलेला पदर खांद्यावर सावरत, नायिकेच्या गोड गळ्यानं त्यांनी आत ओ दिली,

"आले हो, आई! नरसय्यांनी बसा म्हटलं, की बसते."