दोन तासांचा उजेड

“आपल्याकडे सूर्य मावळतो ना, तेव्हा कुवेतमध्ये अजून दोन तास उजेड असतो,” असं म्हणत ठवकर मॅडमनी चौथीच्या वर्गात टॉर्चसमोर पृथ्वीगोल फिरवून दाखवला. कुवेत करिष्माने निवडला होता; तिचे बाबा तिथे क्रेन चालवतात, असं तिने सांगितलं होतं. ती जागची उठली, गोल उलटा फिरवून तिने पुन्हा बघितला.

“मॅडम, पक्कं ना?”

“अगं, पक्कं.”

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“पोरीले हे काहून शिकवलं, मॅडम?”

“का? काय झालं?”

“काल संध्याकाळी तिच्या बाबाचा व्हिडिओ कॉल आला. इकडे अंधार पडला, तवाच तिकडेही पडला. पोरगी खिडकीकडे पाहे, मंग फोनकडे पाहे. रात्री जेवलीच नाही.”

“मग तुम्ही विचारा ना त्यांना, नक्की कुठे आहेत ते.”

आईने दाराकडे बघून आवाज खाली आणला.

“मले दोन वर्षांपासून मालूम आहे, मॅडम. तिले मालूम नव्हतं.”