नववी नळी

“हलतंय! अगं नेलके, हलतंय ते!”

लुबर्टने मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं आणि पन्नाशीचा हा साहेब शाळा सुटल्यासारखा नाचायला लागला.

चिमूटभर माती. मंगळावरच्या कोरड्या तळ्याच्या बुडातून, यानाच्या नवव्या नळीत भरून आणलेली. तिला चार थेंब पाणी पाजलं आणि पाचव्या दिवशी आत वळवळ सुरू. अख्खी लॅब येडी झाली. कुणीतरी सायकल हाणत जाऊन टोस्ट आणले, वर लोणी आणि बडीशेपेच्या गोळ्या. इकडे बाळ झालं की घरोघरी वाटतात तसे. मुलगा असला की निळ्या, मुलगी असली की गुलाबी.

“मुलगा की मुलगी?”

“अजून दुपटं काढून बघितलं नाही,” लुबर्ट म्हणाला. “नेलके सांगेल.”

नेलके हसली. निळ्या गोळ्यांचा एक टोस्ट तिच्याही पुढ्यात आला, तो तिने बाजूला सारला. तिच्या घरी हे वाटायची वेळ संसाराच्या तीस वर्षांत आलीच नव्हती.

शेवटचं काम तिचं. हा जीव तिकडचा, की इथूनच चिकटून गेलेला? यान बांधणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरच्या जंतूंचे नमुने आधीच घेऊन त्यांना नंबर टाकून ठेवले होते. कुणाशीच जुळलं नाही, तर जग हलणार. जुळलं, तर नियमाप्रमाणे माती भट्टीत.

दुपारी पडद्यावर आकडा उमटला. एकतीस.

नेलकेला यादी बघावी लागली नाही. एकतीस नंबरचं ओळखपत्र तिच्या घरी दारामागच्या खुंटीला लटकत होतं. ते वापरणारा जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिने ते काढलं नव्हतं.

वीबे, तिचा नवरा. महावात्रट माणूस. यानात माती भरायच्या नळ्या बसवायचं काम त्याचं. एका संध्याकाळी डोळे मिचकावतच घरी आला.

“नवव्या नळीला मास्क काढून मुका दिला बघ. म्हटलं, आपलं कायतरी जाऊ दे वर.”

“थापाड्या! बटाटे घे,” ती म्हणाली होती. दहातल्या नऊ थापाच असायच्या त्याच्या.

“काय आलं गं?” लुबर्ट मागे येऊन उभा होता. मिशीत एक गुलाबी गोळी अडकलेली.

“वीबे आलाय.”

“आपला वीबे?”

“माझा. भट्टी लाव.”

लुबर्ट भट्टीपाशी गेला. पण बटण काही त्याला दाबवेना. शेवटी नेलकेनेच बटणावर बोट ठेवलं. त्याआधी एकदाच मायक्रोस्कोपला डोळा लावला. एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. तिने दाबलं.

बाहेर आवराआवर सुरू झाली होती. एकजण उरलेले टोस्ट गोळा करून कचऱ्यात टाकत होता. नेलकेच्या टेबलापाशी आला, तेव्हा तिने बशीवर हात ठेवला.

“हा राहू दे. हा आमच्या घरचा आहे.”