मोठ्याने तपासलेला पेपर

"नापास का, ते सांगत नाही. दाखवते," असं म्हणून मॅडमनी निबंधाचा पेपर टेबलावर आपटला. "तुझ्यासमोर पुन्हा तपासते. वाचताना मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलणार. चालेल?"

समोर वकीलबाई. म्हणजे खऱ्या वकील नाही हां, वर्गातली एक मुलगी, कशावरही भांडते म्हणून हे नाव. पण आत्ता वकीलबाईंची बोबडी वळली होती. तीन मार्कांनी वर्ष जात होतं, आणि संध्याकाळी मार्क ऑफिसला जाणार होते. दाराबाहेर निम्मा वर्ग कान लावून उभा.

मॅडमनी पेन्सिल उचलली. "'मानव हा समाजशील प्राणी आहे.' आता मनात काय आलं? आला, हा प्राणी परत आला!" बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. "पहिलं पान संपलं. विषय शहरातला एकटेपणा. त्याचा अजून पत्ता नाही."

"पुढे येतो ना, मॅडम! मला म्हणायचं होतं की..."

"तू गप्प. पेपरासोबत तू माझ्या घरी येत नाहीस. कागदावर आहे तेवढंच मला दिसतं."

दुसरं पान. "हे पुस्तकातलं. हेही पुस्तकातलं. इथे मला जांभई आली." समासात जुन्या लाल रेघा होत्याच. पेन्सिल त्यांच्यावरून सरसर खाली.

"तिसरं पान सोडा, मॅडम," वकीलबाई म्हणाल्या. " वेळ संपत आला होता, सुचेल ते खरडलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या आजोबांचं."

मॅडमनी पान उलटलं. "'आजोबा काही काम नसताना लिफ्टमधून वर-खाली करतात. कुणी आत आलं की विचारतात, कितवा मजला? खरं तर सगळ्यांचे मजले त्यांना पाठ...'"

आणि आवाज बंद. पेन्सिल हवेतच.

"बोला ना, मॅडम. मोठ्याने बोलणार होतात."

वकीलबाईंनी वाकून पाहिलं. समास कोरा. लाल शाईचा एक ठिपका नाही. मॅडमनी पान उलटलं, चौथ्यावरही नाही. ही पानं आधी वाचलीच गेली नव्हती. भांडायला याहून मोठा मुद्दा जन्मात मिळाला नसता, पण वकीलबाईंचं तोंडच उघडेना.

मॅडमनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पहिल्या पानावरचा मार्कांचा आकडा खोडला. मग उठून दार उघडलं, तसे कान लावलेले दोघं धाडकन आत कोसळले.

"पळू नका," मॅडम म्हणाल्या. "गठ्ठा तिथे आहे. आपापला पेपर काढा आणि बसा."