ओल्या दोरीचा वास

पाणलोट समितीचे अध्यक्ष कृष्णराज छाती काढून पाणी-स्पर्धेच्या तपासणीच्या साहेबांना गावविहिरीवर घेऊन आले. दर सोमवारी दोरी सोडून हिच्या पाण्याची पातळी मीच मोजते. गेल्या सोमवारी तळाचा दगड उघडा होता. आज कमरेएवढं पाणी भरलं होतं. "आमच्या बंधाऱ्यांची करामत," अध्यक्ष म्हणाले. "बक्षीस आपल्याच गावाला पायजे, साहेब." साहेबांनी खूश होऊन वहीत आकडा लिहिला. आमच्या वस्तीवर मात्र दोन दिवस टँकर फिरकला नव्हता, घागरी पालथ्या पडल्या होत्या. मी ओली दोरी वर ओढून हुंगली. टँकर भरला की त्यात जंतुनाशक पावडर टाकायची, ही ड्रायव्हरची सवय लबाडी करतानाही सुटली नव्हती. दोरी तशीच साहेबांच्या नाकाशी धरली. "वास घ्या, साहेब," मी म्हणाले. "आमचे अध्यक्ष लई हुशार. ह्यांच्या राज्यात झऱ्यातनंच पावडर टाकल्यालं पाणी येतंय."